वाचकांचे प्रश्न : देव उर्फ निसर्ग, आणि राजकन्येचं नाक

गेल्या अंकात देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ अशा सतराव्या शतकातल्या युरोपीय तत्त्वज्ञांवर दोन पानं लिहिली आणि शेवटी सवयीने “काही शंका?” असं विचारून बसले. ज्युनिअर कॉलेजात ३१ वर्षं तर्कशास्त्र शिकवलं, तिथे या प्रश्नावर वर्ग कायम गप्प असायचा. मुलांनी विषय घेतलेला असायचा मार्क पडतात म्हणून; शंका काढून मार्क वाढत नाहीत हे त्यांना बरोबर कळलेलं होतं. इथे मात्र पत्रांचा गठ्ठाच आला. त्यातली सहा निवडली आहेत. एक पत्र माझी चूक दाखवणारं आहे, ते शेवटी घेते. लगेच कबूल करायला जरा जड जातं.

प्रश्न : माझं मार्केट यार्डात अडतीचं दुकान आहे. वाचन रात्रीचं. तुम्ही लिहिलंत की स्पिनोझाच्या मते देव आणि निसर्ग एकच. मग देव सगळीकडे आहे म्हणणाऱ्या माणसाला लोकांनी नास्तिक का ठरवलं? आणि हे आपलं अद्वैतच झालं की. कीर्तनात आम्ही वेगळं काय ऐकतो? (एक वाचक, बार्शी)

तुमच्या धंद्यामुळे उत्तराची सुरुवात आयती मिळाली. डिसेंबर १६६४ मध्ये स्पिनोझाला डॉर्ड्रेख्ट गावातून एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. नाव विलेम व्हान ब्लायेनबर्ख, धंदा धान्याची दलाली. देकार्तच्या तत्त्वज्ञानावरचं स्पिनोझाचं पुस्तक १६६३ साली निघालं होतं, ते याने वाचलं होतं आणि झोप उडाली होती. त्याचा प्रश्न साधारण असा : सगळं देवामुळेच घडतं म्हणता, तर आदमला ते निषिद्ध फळ खावंसं वाटलं तेही देवामुळेच ना? मग एक तर ते वाईट नव्हतं, नाही तर वाईटाचं मूळ देवात आहे. बोला, काय धरायचं?

वजनकाटा ओळखणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे हा. स्पिनोझा खूश झाला. सत्याची आस असलेला माणूस भेटला असं समजून त्याने प्रेमाने उत्तर लिहिलं : वाईट म्हणून काही स्वतंत्र वस्तू नसते, आपण एका गोष्टीची दुसरीशी तुलना करतो आणि जे कमी दिसतं त्याला वाईट म्हणतो. यावर दलालाचं भलंमोठं उत्तर आलं. त्यात त्याने सांगून टाकलं की बुद्धी एक सांगते आणि धर्मग्रंथ दुसरं सांगतो अशी वेळ आली, तर मी ग्रंथाचं ऐकणार. तिथे स्पिनोझाचा सूर बदलला. आंधळ्याला आपण दृष्टी ‘हरवलेला’ म्हणतो, दगडाला म्हणत नाही, हे उदाहरण त्याने यानंतरच्या पत्रात दिलं. मार्च १६६५ मध्ये ब्लायेनबर्ख त्याला भेटूनही आला, पण त्यानंतर पत्रव्यवहार आटोपला. पुढे याच माणसाने त्याच्याविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं.

आता नास्तिक का म्हटलं ते. ‘एथिका’ या ग्रंथात स्पिनोझा लॅटिनमध्ये ‘देउस सिवे नातुरा’ असे तीन शब्द वापरतो. ‘सिवे’चं भाषांतर ‘किंवा’ असं करतात, ते मला पटत नाही. ‘किंवा’ म्हटलं की दोहोंतलं एक निवडायचं असं वाटतं. आपल्या सातबाऱ्यावर किंवा लग्नपत्रिकेत ‘उर्फ’ असतं ना, तो हा शब्द आहे. देव उर्फ निसर्ग. माणूस एकच, नावं दोन. आणि निसर्ग म्हणजे झाडं-डोंगर-धबधबे एवढंच नाही. जे काही आहे ते सगळं, विचारसुद्धा त्यातच. देव म्हणजे नुसता जडाचा ढीग असं मला म्हणायचंय, असं समजणारे चुकतात, हे त्याने एका पत्रात स्वतःच बजावलं आहे.

यातून जे निघतं ते लोकांना सोसणारं नव्हतं. त्रिकोण आहे म्हटलं की त्याच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी येतेच, तसं देव आहे म्हटलं की जग असंच येतं. देव ठरवत नाही, निवडत नाही, रागावत नाही, नवसाला पावत नाही. चमत्कार नाहीत, कारण स्वतःचाच स्वभाव मोडून तो जाणार कुठे? ‘एथिका’च्या पहिल्या भागाला जोडलेल्या पुरवणीत एक उदाहरण आहे, ते मी दरवर्षी वर्गात सांगायचे. छपरावरून दगड पडला आणि खालून जाणारा माणूस मेला. लोक म्हणतात, देवाची इच्छा. तुम्ही म्हणता, वारा सुटला होता म्हणून पडला, तो त्या वाटेने चालला होता म्हणून लागला. लोक विचारतात, वारा तेव्हाच का सुटला? आदल्या दिवशी समुद्र खवळला होता म्हणून. माणूस तेव्हाच का तिथे? मित्राने जेवायला बोलावलं होतं म्हणून. पण समुद्र का खवळला? मित्राने त्याच दिवशी का बोलावलं? असं मागे मागे रेटत शेवटी तुम्हाला ‘देवाची इच्छा’ या घरात कोंबतात. स्पिनोझा त्या घराला अज्ञानाचा आसरा म्हणतो. असं म्हणणाऱ्या माणसाने पुढे हजार वेळा ‘देव’ शब्द लिहिला तरी पाद्री आणि रब्बी (ज्यूंचे धर्मगुरू) दोघांनाही तो नास्तिकच वाटणार. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर मला त्यांचं फारसं नवलही वाटत नाही.

शिक्षा आधीच झाली होती. २७ जुलै १६५६ रोजी ॲम्स्टरडॅमच्या पोर्तुगीज ज्यू समाजाने त्याला वाळीत टाकलं. वय २३. तोवर एक ओळही छापलेली नव्हती. पोर्तुगीज भाषेतला तो ठराव आजही वाचायला मिळतो : दिवसा शाप, रात्री शाप, झोपताना, उठताना, कोणी त्याच्याशी बोलू नये, पत्र लिहू नये, एका छपराखाली राहू नये, चार हातांच्या आत जाऊ नये, त्याने लिहिलेलं वाचू नये. नेमकं काय केलं म्हणून, ते मात्र त्यात सांगितलेलं नाही. आणि हा समाज कोणता? इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोही शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, छळातून पोर्तुगाल-स्पेन सोडून पळालेल्यांचा. त्याच पोर्तुगीजांनी १५६० साली गोव्यातही इन्क्विझिशन आणलं. मुंबई बेट ज्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं तो वैद्य गार्सिया द ओर्ता याच ज्यू मुळाचा. तो १५६८ साली गोव्यात वारला आणि १५८० साली त्याची हाडं उकरून जाळली. छळातून सुटलेल्यांनीच आपल्यातल्या एका पोराला चार हात लांब ठेवावं, हे वाचताना दरवेळी माझा हात थांबतो.

अद्वैताबद्दल. साम्य आहेच : तत्त्व एक, दुसरं काही नाही. पण शंकराचार्यांच्या मायेला स्पिनोझाकडे जागा नाही. त्याच्या हिशेबात तुमच्या दुकानातलं ज्वारीचं पोतं भास नाही. ते त्या एका तत्त्वाचंच एक रूप आहे आणि रूप म्हणून पुरतं खरं आहे. या बाबतीत ‘अमृतानुभवा’तला चिद्विलास त्याला जास्त जवळचा वाटतो, जग म्हणजे त्या एकाचंच विलसणं. फरक पुढे पडतो. ‘एथिका’च्या पाचव्या भागात एक विधान आहे : जो देवावर प्रेम करतो, तो देवाने आपल्यावर उलट प्रेम करावं अशी खटपट करूच शकत नाही. पुढे तो म्हणतो की आपलं देवावरचं ज्ञानयुक्त प्रेम हा देवाच्या स्वतःवरच्या प्रेमाचाच एक अंश आहे, म्हणजे दार अगदीच बंद नाही. पण तुकोबा विठोबाशी भांडतात, त्याला वाट्टेल ते बोलतात, कारण पलीकडे ऐकणारा कोणीतरी आहे. स्पिनोझाच्या देवाशी भांडता येत नाही. त्यामुळे कीर्तनात तुम्ही ऐकता ते हेच आहे, असं मी म्हणणार नाही.

जाता जाता : स्पिनोझा पोटासाठी भिंगं घासायचा हे खरं, पण नुसत्या भिंगांवर जगला ही कथा अपुरी आहे, मित्रांकडून थोडी वार्षिक रक्कमही मिळायची. भिंगं मात्र पहिल्या प्रतीची. क्रिस्टियान हायगेन्ससारखा शास्त्रज्ञ भावाला पत्रात त्यांची तारीफ करतो, आणि त्याचं नाव न घेता ‘फोरबर्गचा ज्यू’ म्हणतो. माझ्या वडिलांचं मिरजेत चष्म्याचं दुकान होतं. पाण्याच्या धारेखाली फिरत्या चाकावर काच धरून ते फ्रेमच्या मापाची करायचे. मी जवळ उभी राहून बडबड करायचे, आणि ते एकच सांगायचे, “काच हातात असताना बोलायचं नाही.” स्पिनोझा वाचताना तो आवाज आठवतो.

प्रश्न : मी बारावीला आहे. देकार्त म्हणतो मन वेगळं आणि शरीर वेगळं. मनाला लांबी-रुंदी नाही, वजन नाही. मग वर्गात सरांनी उभं केलं की माझे कान लाल का होतात? लाज मनाला वाटते, कान तर शरीराचा आहे. मैत्रिणी हसतात. (एक विद्यार्थिनी, वाई)

तुझा प्रश्न ३८० वर्षांहून जुना आहे, आणि पहिल्यांदा विचारणारी मुलगी तुझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी होती. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ. वडिलांचं राज्य गेलेलं, घर परागंदा होऊन द हेगमध्ये राहत होतं. मे १६४३ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, तिने देकार्तला लिहिलं : एखादी वस्तू हलते ती ढकलली जाते म्हणून, ढकलायला स्पर्श लागतो, स्पर्शाला आकार लागतो. तुमच्या आत्म्याला आकारच नाही, तर तो शरीर हलवतो कसा?

देकार्तने उत्तर दिलं ते वजनाचं. दगडाचं जडपण दगडाला खाली नेतं, तेव्हा जडपण दगडाला कुठून ढकलतं असं आपण विचारत नाही. तसंच हे समजा. राजकन्येने जूनमध्ये कळवलं की हे काही समजलं नाही. ज्याला आकार नाही त्याने शरीर हलवणं मान्य करण्यापेक्षा आत्म्यालाच थोडा आकार आहे हे मान्य करणं मला सोपं जाईल, असं तिने लिहिलं. काय वाक्य आहे बघ. पाठ्यपुस्तकात देकार्तला पूर्ण पान मिळतं आणि या वाक्याला एक ओळही नाही.

यावर त्या थोर माणसाचं दुसरं उत्तर मला सगळ्यात आवडतं. तो म्हणतो, शुद्ध बुद्धीच्या विचाराला मी वर्षाकाठी फक्त काही तास देतो, गणितासारख्या कल्पनेच्या कामाला दिवसाचे काही तास, बाकीचा वेळ विश्रांती. मन आणि शरीर एकत्र कसे नांदतात हे चिंतन करून उमगत नाही, रोजच्या जगण्यातून आणि चारचौघांशी बोलण्यातून उमगतं. थोडक्यात, राजकन्ये, जास्त विचार करू नकोस. ती ऐकणारी नव्हती. तिच्या पत्रांनी भाग पाडलं म्हणून त्याने भावभावनांचा नीट अभ्यास केला आणि १६४९ साली त्यावर पुस्तक छापलं. त्यात मेंदूच्या मधोमध असलेल्या एका इवल्याशा ग्रंथीला त्याने आत्म्याची मुख्य बैठक ठरवलं. पण ग्रंथी कितीही लहान असली तरी शरीरच ती. प्रश्न होता तिथेच राहिला.

आता तुझ्या कानांबद्दल. एलिझाबेथच्या धाकट्या बहिणीने, सोफीने, आठवणी लिहिल्या आहेत. त्यात ती सांगते की थोरलीचं नाक अधूनमधून लाल व्हायचं आणि मग ती लोकांसमोर यायचीच नाही. एकदा दुसरी बहीण म्हणाली, चल, आईसाहेबांकडे जायची वेळ झाली. एलिझाबेथ म्हणाली, या नाकाने जाऊ? त्यावर बहीण म्हणाली, मग दुसरं येईपर्यंत थांबणार आहेस का?

देकार्तला मन-शरीराचा सगळ्यात अवघड प्रश्न घालणाऱ्या बाईला तो आरशातही दिसत होता. मैत्रिणींना हे वाचून दाखव.

प्रश्न : बाबा रोज पहाटे पाचला उठवतात. देकार्त पहाटे उठून मेला हे खरं आहे का? उत्तर लवकर द्यावे. (नाव-गाव नाही)

अर्धं खरं. लहानपणी शाळेतसुद्धा प्रकृतीमुळे त्याला उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहायची मुभा होती, आणि ती सवय त्याने जन्मभर सांभाळली. स्वीडनच्या क्रिस्टिना राणीने बोलावून घेतलं आणि ऐन हिवाळ्यात शिकवणीची वेळ दिली पहाटे पाचची. ११ फेब्रुवारी १६५० रोजी तो स्टॉकहोममध्ये फुप्फुसाच्या दाहाने गेला. पण ज्या फ्रेंच वकिलाच्या घरी तो राहत होता त्यालाही आधी तोच आजार झाला होता, आणि देकार्त त्याची शुश्रूषा करत होता. बाबांना वरचा भाग दाखवा, खालचा झाकून ठेवा.

प्रश्न : आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तालुक्याच्या शिबिरात झालं. पट्टी काढली तेव्हा ती माझ्याकडे एकटक बघत राहिली. मी “आई” म्हटल्यावर मग ओळखलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं. पण मला ते लागून राहिलं. डोळ्यांना दिसणं आणि ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत का? कोणी विचार केला आहे का यावर? (एक वाचिका, लोहा, जि. नांदेड)

ताई, खूप विचार झाला आहे, आणि तोही एका दुःखातून. विल्यम मॉलिन्यू हा डब्लिनचा गृहस्थ प्रकाश आणि भिंगांचा अभ्यासक होता. १६७८ साली लग्न झालं आणि थोड्याच काळात त्याच्या बायकोची दृष्टी गेली. १६८८ च्या जुलैमध्ये त्याने जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाला एक कोडं पाठवलं. जन्मांध माणूस आहे. एकाच धातूचा ठोकळा आणि गोळा त्याला हाताने चाचपून ओळखता येतात. आता समजा, त्याला दृष्टी आली. दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या. हात न लावता, नुसतं बघून, ठोकळा कोणता आणि गोळा कोणता हे तो सांगेल?

मॉलिन्यूचं स्वतःचं उत्तर ‘नाही’. लॉकचंही तेच, आणि १६९४ साली निघालेल्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने हे कोडं घातलं. कारण त्याचा सगळा डाव यावर होता : मन जन्मतः कोरं असतं, जे येतं ते इंद्रियांच्या वाटेने आणि अनुभवातून. हाताला लागलेला गोल आणि डोळ्याला दिसलेला गोल यांची गाठ कोणी आधीच बांधून ठेवलेली नसते. लायब्निझ हा जर्मन तत्त्वज्ञ म्हणाला, सांगू शकेल, फक्त समोरच्या दोन वस्तूंत एक ठोकळा आहे आणि एक गोळा हे त्याला आधी सांगा. कोपरे कुठे आहेत हे तो बुद्धीने काढेल. भांडण साधं दिसतं, पण त्यात पणाला लागलं होतं ते हे की ज्ञान बाहेरून आत येतं की आत आधीच काही असतं.

मग प्रत्यक्षच घडलं. लंडनचे शल्यवैद्य विल्यम चेसेल्डन यांनी १३-१४ वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया केली आणि १७२८ साली ते प्रसिद्ध केलं. त्या मुलाला आधी वाटलं की दिसणारी प्रत्येक वस्तू डोळ्याला टेकली आहे. कुत्रा कोणता आणि मांजर कोणतं हे तो सारखं विसरायचा, आणि विचारायची लाज वाटायची. एक दिवस त्याने मांजर उचललं, हाताला तर ते ओळखीचंच होतं, मग टक लावून बघितलं आणि खाली ठेवताना म्हणाला, माऊ, आता पुढच्या वेळी ओळखीन तुला.

खरी कसोटी आपल्या देशात लागली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ने उत्तर भारतातल्या जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया करवल्या. त्यांच्यातल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांना, दिसू लागल्यावर लगेच, मॉलिन्यूचाच प्रश्न ठोकळ्यांच्या रूपात घातला. २०११ साली निष्कर्ष छापून आले. हाताने चाचपलेला ठोकळा डोळ्याने ओळखणं त्यांना जमलं नाही, जवळपास अंदाजपंचेच उत्तरं आली. म्हणजे लॉक बरोबर. पण काही दिवसांतच जमू लागलं, आणि ते इतक्या लवकर की नुसत्या अनुभवाच्या शिदोरीवर एवढं कसं, हा नवा प्रश्न उभा राहिला. लायब्निझ कुठे असेल तिथे हसला असेल.

तुमच्या आईची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्या जन्मांध नव्हत्या. दृष्टी हळूहळू धूसर होत गेली तशी तुमची शेवटची स्पष्ट छबी त्यांच्या मनात कधीची राहिली असेल? पट्टी निघाल्यावर समोर जी आली ती त्या छबीपेक्षा काही वर्षांनी मोठी बाई होती. आवाज मात्र रोजचा होता. माझा तर्क एवढाच. डॉक्टरांच्या म्हणण्यावर कुरघोडी नाही.

माझंही एका डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं, दुसऱ्याचं बाकी आहे. उजवा डोळा मिटला की स्वयंपाकघराची भिंत पिवळट, डावा मिटला की निळसर पांढरी. रंगवताना आम्ही डब्यावरचा कोणता रंग निवडला होता हे आता कोणालाच आठवत नाही. लॉक म्हणतो, एक हात गरम आणि एक गार असेल तर तेच पाणी एका हाताला थंड आणि दुसऱ्याला ऊन लागतं, तेव्हा ऊन-थंड हे पाण्यात जसंच्या तसं बसलेलं नसतं. रंगाचंही तसंच. ३१ वर्षं मी हे फळ्यावर लिहून दिलं. पटलं ते आत्ता, भिंतीसमोर उभं राहून एकेक डोळा झाकताना. घरच्यांना वाटलं, आईला काहीतरी होतंय.

प्रश्न : हे सगळे लोक आपल्याकडे इंग्रजी शिक्षणातूनच आले ना? शिवाजी महाराजांच्या काळात इथे कोणाला देकार्त माहीत असणं शक्य आहे का? (एक वाचक, पेण)

शक्य आहे, आणि पुरावाही आहे. फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य. देकार्तचा कडवा टीकाकार आणि परमाणुवादी पिएर गासांदी याचा तो शिष्य. औरंगजेबाच्या दरबारातल्या दानिशमंद खान या विद्याप्रेमी अमिराच्या पदरी तो राहिला. १६६७ साली लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की शरीरशास्त्रातले नवे शोध आपल्या धन्याला समजावून देणं आणि गासांदी व देकार्त यांचं तत्त्वज्ञान फारसीत उतरवून त्यावर बोलणं, हेच आपलं पाच-सहा वर्षं मुख्य काम होतं. आणि त्याचा कंटाळा आला की दोघे मिळून पदरच्या पंडिताकडे वळायचे.

डोळ्यांसमोर आणून बघा : दिल्लीतली हवेली, गुरूचा कैवार घेणारा फ्रेंच, देकार्त फारसीत, आणि बाजूला दाराशुकोहच्या गोटातून आलेला पंडित. तो पंडित काय म्हणाला असेल हे ऐकायला मी माझं अर्धं पेन्शन दिलं असतं. बर्निएला आपल्याकडच्या परमाणुवादाची कुणकुण लागली होती. डेमॉक्रिटस आणि एपिक्युरस या ग्रीक परमाणुवाद्यांशी तो ते ताडून बघतो, आणि हे लोक फार गोंधळ घालतात असं म्हणून सोडून देतो. तसं सोडून द्यायला नको होतं. बनारसला तो पंडितांच्या ज्या प्रमुखाला भेटला ते कवींद्राचार्य सरस्वती असावेत असं अभ्यासक मानतात, आणि कवींद्राचार्य मूळचे गोदाकाठचे.

तुम्ही शिवाजी महाराजांचं नाव घेतलंत म्हणून सांगते. १६६४ च्या सुरतेच्या लुटीबद्दल बर्निएने लिहिलं आहे, आणि महाराजांनी कॅपुचिन या ख्रिस्ती पंथाचे पाद्री फादर ॲम्ब्रोज यांच्या मठाला हात लावला नाही हेही आवर्जून नोंदवलं आहे. त्याच वर्षाच्या शेवटी तो डॉर्ड्रेख्टचा धान्यदलाल स्पिनोझाला पत्र लिहीत होता. पुढे बर्निए पॅरिसला परतला आणि तिथे जॉन लॉकची आणि त्याची गाठ पडली. लॉकच्या ग्रंथात एक हिंदी माणूस येतो : पृथ्वी कशावर, तर हत्तीवर, हत्ती कशावर, तर कासवावर, कासव कशावर, तर काहीतरी आहे, ठाऊक नाही. या गोष्टीवरून आपले लोक चिडतात. पण लॉक तिथे हसतो आहे ते युरोपातल्या विद्वानांना. सगळे गुणधर्म ज्याच्यावर टेकतात ते ‘द्रव्य’ काय, असं विचारलं की त्यांचंही उत्तर कासवाखालचंच येतं.

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही लिहिलं की लायब्निझ आणि स्पिनोझा एकमेकांना कधी भेटले नाहीत. हे चूक आहे. (एक निवृत्त ग्रंथपाल, पुणे)

चूक आहे. माझीच आहे. घाईत लिहिलं. लायब्निझच्या लिखाणावर विसंबून फसले असं म्हणायची सोय आहे, कारण त्याने ती भेट फार लहान करून सांगितली आहे. पण मला माहीत असायला हवं होतं.

नोव्हेंबर १६७६. लायब्निझ ३० वर्षांचा, पॅरिस-लंडन करून हॅनोव्हरला नोकरीवर निघालेला. स्पिनोझा ४४ च्या उंबरठ्यावर, फुप्फुसांनी जवळजवळ संपलेला, ‘एथिका’चं हस्तलिखित घरात, पण छापायची सोय नाही. द हेगमधल्या त्याच्या खोलीत दोघे एकाहून अधिक वेळा बोलले. परिपूर्ण अशा सत्तेची कल्पना आत्मविसंगत नाही, म्हणून ती असलीच पाहिजे, असा युक्तिवाद लायब्निझने मांडला. स्पिनोझाने आधी विरोध केला. मग लायब्निझने तिथेच कागदावर उतरवून वाचून दाखवला, तेव्हा स्पिनोझाला तो पक्का वाटला, अशी नोंद लायब्निझनेच करून ठेवली आहे. देव आहे हे पटवायला एक जण कागद लिहितो आहे, आणि ज्याला पटवतो आहे तो अख्ख्या युरोपात नास्तिक म्हणून बदनाम! तीन महिन्यांनी, २१ फेब्रुवारी १६७७ ला, स्पिनोझा गेला. १७१० साली लायब्निझने देवाच्या न्यायावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या भेटीबद्दल एवढंच येतं की हॉलंडमधून जाताना स्पिनोझाला पाहिलं आणि त्या काळच्या घडामोडींचे काही चांगले किस्से ऐकायला मिळाले.

त्यातला एक किस्सा तेवढा त्याने टिपून ठेवला. २० ऑगस्ट १६७२ ला द हेगमध्ये जमावाने योहान द विट आणि त्याचा भाऊ कॉर्नेलिस यांना ठार मारून त्यांच्या देहांचे तुकडे केले. योहान द विट म्हणजे हॉलंडचा कारभार वीसेक वर्षं ज्याच्या हाती होता तो माणूस. स्पिनोझा तिथून जवळच राहत होता. जो सगळ्यांना शिकवत आला की रडू नका, हसू नका, समजून घ्या, त्याने त्या रात्री एक कागद लिहिला, ‘उल्तिमी बार्बारोरुम’, म्हणजे रानटीपणाची हद्द करणाऱ्यांनो. तो खुनाच्या जागी नेऊन चिकटवायचा होता. घरमालकाने दाराला कुलूप घातलं आणि त्याला बाहेर पडू दिलं नाही.